दोष कानांत कीं यंत्रांत?

मिरजेंत जन्म काढलेल्या माणसाचा कान तयार असतो, अशी बाहेरगांवच्या मंडळींची एक भाबडी समजूत आहे. सतारमेकरांच्या गल्लीवरून शाळेस जातां येतां तंबोऱ्यांची जवारी लावण्याचा ध्वनि आमच्या कानांवर पडत असे, हें खरें; पण त्यामुळें आमचा कान तयार झाला नाहीं, कान तयार असल्याचा अहंकार मात्र तयार झाला. पुढील हकीकत त्या अहंकाराची आहे. आणि हेडफोन कसा घ्यावा व बिघडल्यास काय करावें, हेंही तिच्या ओघांत येईल.

सेवानिवृत्तीनंतर आमची झोप पातळ झाली. रात्रीं अकरानंतर मोबाइलवर जुन्या तबकड्यांचें गाणें ऐकत पडावें, एवढा एकच विलास आम्हीं स्वतःस लावून घेतला. परंतु आमच्या घरांतल्यांची झोप सावध. तेव्हां पुण्याहून मुलानें एक हेडफोन पाठविला. त्याच्या वाट्यांची पाठ जाळीची, उघडी होती. अशा हेडफोनांत स्वर मोकळा येतो, कान तापत नाहींत. परंतु आंतलें गाणें बाहेरही सांडतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पहिल्याच रात्रीं शेजारून शब्द आले, “तुमचे खांसाहेब इकडेंही गाताहेत म्हटलं!” ज्यास दुसऱ्याच्या झोपेजवळ बसून ऐकावयाचें आहे, त्यानें बंद पाठीचाच घ्यावा.

मग आम्ही स्वतः बाजारांत गेलों. दुकान आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचें. त्यानें पांच-सहा खोके मांडले. एकावर ५ हर्ट्झपासून ४०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनि निघतात असें छापलें होतें, आणि आम्ही त्यासच भुललों. वास्तविक मनुष्याचा निरोगी तरुण कान २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो. साठी उलटलेल्याची वरची मर्यादा त्याच्या पुष्कळ खालीं आलेली असते. बरें, आमची आवड काय? अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या किंवा त्यांच्याही पूर्वींच्या तबकड्या. १९२५ च्या आधीं विजेवांचून, नुसत्या कर्ण्यांत गाऊन भरलेल्या तबकडींत ५,००० च्या वरचें फारसें कांहीं उतरतच नसे. म्हणजे ४०,००० ची ती फुशारकी आम्हांस काय उपयोगाची? तंबोरा घेणारा भोपळ्याचा घेर मोजून उठत नाहीं, तार छेडून पाहतो. हेडफोन घेतांनाही आपणांस तोंडपाठ असलेलें एक गाणें बरोबर न्यावें आणि पाव तास डोक्यावर ठेवून ऐकावें. चष्मेवाल्यांनीं तर हें अवश्य करावें. कारण गादी आणि कानशील यांच्या मध्यें चष्म्याची काडी आली कीं फट पडते, आणि त्या फटींतून खर्जाचे स्वर निसटतात. नुसत्या मोबाइलवर ऐकणारानें ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन पाहावा. ३०० ओहमवाले स्वतंत्र अॅम्प्लिफायर मागतात. मोबाइलवर ते पुटपुटतात. तार सुटी करतां येईल असा मिळाल्यास उत्तम, कारण हेडफोनांत आधीं मरते ती तार, आणि तीही बहुधा पिनेच्या तोंडाशीं.

घेतलेला हेडफोन महिनाभर बरा चालला असें वाटलें. पुढें डावी बाजू मंद वाटूं लागली. आम्ही आवाज वाढविला, पुन्हां मंद, पुन्हां वाढविला. शेवटीं दुकानीं गेलों. त्यानें स्वतः ऐकून पाहिलें, कांहीं बोलला नाहीं, आणि दुसरा नवा दिला. पंधरा दिवसांनीं तीच तक्रार. तिसरा दिला. तिसऱ्यांदा मात्र आमचा तोल सुटला. “म्हाताऱ्यांच्या गळ्यांत सदोष माल बांधावा, हें का तुला आम्हीं शिकविलें?” असें चार गिऱ्हाइकांच्या देखत आम्ही बोललों. तो खालीं मान घालून म्हणाला, “गुरुजी, पैसे परत घेऊन जा.” आणि आम्ही ते घेतले! हेडफोन मात्र त्यानें आमच्याजवळच राहूं दिला.

त्या दिवशीं सुटीसाठीं आलेला नातू घरीं होता. वय वर्षें तेरा. सगळी हकीकत ऐकून तो एवढेंच म्हणाला, “आजोबा, उलटा घालून बघा.” उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. दोष यंत्रांत असता, तर मंदपणा आतां उजवीकडे यावयास हवा होता. तो डावीकडेच राहिला.

आम्ही बराच वेळ बोललों नाहीं. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आम्हीं तीर्थरूपांच्या पायाशीं बसून पाठ केलेला. धूर असतो तेथें अग्नि असतो, उदाहरण स्वयंपाकघर. अग्नि नसतो तेथें धूरही नसतो, उदाहरण डोह. हा अन्वय-व्यतिरेक पुढें आम्हीं किती मुलांस समजावून दिला असेल. आणि आपल्या डोक्यावरच्या दोन वाट्यांस तो लावण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं.

तेव्हांपासून मात्र आळींतले हेडफोन आमच्याकडे येऊं लागले आहेत. आमची रीत एकच : गाणें, मोबाइल, पिन, तार, वाटी, कान; यांपैकीं एका वेळीं एकच बदलावें, आणि दोष कोणाच्या मागें जातो तें पाहावें. दोन वस्तु एकदम बदलणारास कारण कधींच सांपडत नाहीं. शेजारच्या वहिनींची तक्रार मोठी चमत्कारिक होती : वाद्यें ऐकूं येतात, गाणारी बाई नाहींशी झाली! पिन अर्धवट बसली होती. दोन्ही बाजूंची समाईक परतीची तार अशा वेळीं सुटते, आणि डाव्या-उजव्यांत जो फरक असेल तेवढाच ऐकूं येतो; गायिकेचा आवाज दोहोंत सारखा असल्यामुळें तो एकमेकांस खाऊन टाकतो. पिन नीट बसत नसेल, तर मोबाइल बंद करून भोकांत साचलेली कापसाची पूड लांकडी दांतकोरणीनें हलकेच काढावी. सुई घालूं नये. ब्लूटूथवाला मुका झाला, तर तो घरांतल्या दुसऱ्याच मोबाइलला जाऊन चिकटला नाहीं ना, हें आधीं पाहावें. आमच्या सूनबाईंचा एकदां माजघरांतल्या मोबाइलशीं जुळला होता. कानांत घालावयाच्या बोंडांचा आवाज मंदावला, तर बहुतेक वेळां जाळींत कानाचा मळच असतो.

मळ आमच्याही कानांत निघाला. डॉक्टरांनीं तो काढल्यावर थोडें उजाडलें. परंतु त्यांच्या आलेखावर डाव्या कानाची रेघ उंच स्वरांकडे जातां जातां उताराला लागली होती, ती कांहीं वर आली नाहीं. त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. डाव्या कानास ऐकूं यावें म्हणून आम्ही महिनोन् महिने जो आवाज वाढवीत होतों, तो सबंध बिचाऱ्या उजव्या चांगल्या कानावर पडत होता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्म्यावर येते. आमचा हिशेब आम्हीं मांडला नाहीं. धीर झाला नाहीं. आणखी एक : एखादा कान एक-दोन दिवसांत एकाएकीं बसला, तर उलटसुलट प्रयोग करीत घरीं बसूं नये, त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें. तेथें दिवसांचा हिशेब असतो.

आतां मोबाइलमध्यें दोन्ही बाजू एक करण्याची जी ‘मोनो’ची सोय असते, ती आम्हीं चालूं ठेविली आहे. जुन्या तबकड्या मुळांतच एकसुरी असल्यानें त्यांत कांहीं गमावत नाहीं, आणि नव्या गाण्यांतलें डावीकडचें वाद्यही उजव्या कानास मिळतें.

दुकानीं पैसे घेऊन जाण्यास आम्हांस आठ दिवस लागले. गिऱ्हाइकें होतीं, मुद्दामच त्या वेळीं गेलों. झालें तें सगळें सांगितलें. त्यानें पैसे गल्ल्यांत टाकले, चहा मागविला, आणि जरा वेळानें म्हणाला, “गुरुजी, मला दुसऱ्याच खेपेस शंका आली होती. पण तुमच्या कानांत दोष आहे, हें तुम्हांला सांगणार कोण?”