चारी बाजू सारख्या

राजुरास घराची आखणी करताना आम्ही १०-१० हातांच्या चार दोऱ्या ताणल्या आणि चौरस साधला म्हणून संतोष पावलो. गवंड्याने मुकाट्याने समोरासमोरचे कोपरे मापले: एक कर्ण १६ हात, दुसरा १२! बाजू समान, पण कोन कललेले. १०० चौरस हातांची जागा ९६ झाली होती. लंब अथवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारास भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे; उत्तर देणारास तर त्याहूनही अधिक. तो श्लोक आम्हांस मुखोद्गत होता. गवंड्याने खुंट्या सरकविल्या. दोन्ही कर्ण सारखे, १४ हातांहून किंचित अधिक भरले, तेव्हा कोठे चारी कोन काटकोन झाले. श्लोक पाठ असणे आणि तो कळणे यांतील अंतर त्या दिवशी आम्हांस दोरीने मोजून मिळाले.