वजनकाटा आणि तीन मजले



दशलक्षण पर्व संपलं, पारणी झाली, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. "मग, किती किलो उतरलं?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण दहा दिवस एकाशन करून उठलेल्या बाईला कोणी असं विचारलं की मला कसंतरीच होतं. तपाचा हिशेब निर्जरेच्या खात्यात लिहायचा. तो वजनकाट्याच्या खात्यावर कोणी वर्ग केला? मी बी.कॉम. झालेली बाई आहे, दोन खाती एकमेकांत मिसळलेली मला बघवत नाहीत.

उपाशी कसं राहावं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सहा बाह्य तपांत पहिलं अनशन आणि दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणं. जुन्या ग्रंथांनी तर घासही मोजून ठेवलेत, पुरुषाचे बत्तीस आणि बाईचे अठ्ठावीस, आणि त्याहून कमी घेणं ते अवमौदर्य. हे सगळं रसनेवर ताबा यावा म्हणून आहे. पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून कोणी हे सांगितलेलं नाही. आणि नुसत्या उपाशी राहण्याने घेर कमी होतो तेव्हा सोबत आणखी काय जातं, ते आज सांगायचं आहे.

वजनकाटा फक्त बेरीज दाखवतो. ताळेबंदात एकूण आकडा बघून कोणी दुकानाची तब्येत ठरवत नाही. भांडवल किती, पडून राहिलेला माल किती, हे बघावं लागतं. शरीरात चरबी हा साठवलेला माल आणि स्नायू हे भांडवल. व्यायाम न करता नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. मग पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागलो की वजन परत येतं, पण आमच्या वयात ते बहुतेक चरबीच्या रूपात येतं. म्हणजे काटा पहिल्या जागी आणि भांडवल मात्र घटलेलं. दर वर्षी असं झालं तर साठीनंतर जिना जड का वाटतो, ते वेगळं सांगायला नको.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले (आपल्या परळच्या नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार छान दाखवून दिलं आहे. त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं घेतली. उंची-वजनाचं गुणोत्तर, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही 22.3. कागदावर दोघं सारखेच. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली लॅन्सेटमध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. आपल्या लोकांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि तीही पोटात, हे त्यातून घराघरात कळायला हवं होतं. म्हणून तर आपल्यासाठी लठ्ठपणाची रेषा बीएमआय 25 वर धरतात, आणि बायकांनी कंबर 80 सेंटीमीटरच्या आत ठेवावी असं सांगतात.

आता माझे आकडे. गेल्या दिवाळीत माझी उंची 155 सेंटीमीटर (ती काही बदलायची नाही), वजन 76 किलो, कंबर 101. बीएमआय 31 च्या वर. आमची गिरगावातली इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर थांबायचं आणि शेजारणीशी बोलायचं निमित्त करायचं, ही युक्ती तुमच्यापैकी कितीजणींना माहीत असेल. पण मला जिन्यापेक्षा मंदिर जास्त टोचायचं. सामायिक करून जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागायची. नमस्कार करायला बसलं की उठायचं कसं, हा विचार नमस्काराच्या आधी यायचा. मंदिरात मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग दर वर्षी लांबत चालली आहे, आणि तिथे बसणाऱ्या सगळ्या काही ऐंशीच्या नाहीत.

आपले मुनिमहाराज आहार उभ्याने घेतात. अठ्ठावीस मूलगुणांतला तो एक. त्यामागे मला कळलेला एक अर्थ असा, की पायांत उभं राहण्याचं बळ आहे तोवरच या देहाला आहार. म्हणजे ज्यांनी देहाचा मोह सोडला, त्यांनीही पायांच्या बळाची दखल घेतली आहे. आपण संसारी बायकांनी ते बळ वाया जाऊ दिलं तर त्याला वैराग्य म्हणता येणार नाही.

गुडघे दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला खुर्चीवरून हात न लावता उठायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, ते त्यांनी मोजलं. सात. माझ्या वयाच्या, म्हणजे साठ ते चौसष्टच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. "गुडघ्यांपेक्षा मांड्या अशक्त आहेत," त्या म्हणाल्या. "वजन कमी करा, पण त्याच्या आधी ताकद वाढवा." या वयात ताकद वाढते? तर वाढते. अमेरिकेत बोस्टनला 1990 साली वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकाने मध्येच सोडलं, बाकीच्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर साठीला सबब नाही.

लहानपणी व्यायामशाळा आम्ही बाहेरूनच बघितली. लालबाग-परळला गिरणीतून सुटलेली मुलं तालमीत घाम गाळायची, आणि मुलींनी त्या खिडकीवरून जातानासुद्धा खाली बघून जायचं. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मात्र मुली दोरीच्या मल्लखांबावर चढतात. तिथल्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरचंच काही झाल्यासारखं वाटलं. माझ्यासारखीने दोरीवर चढायचं नाही, हे वेगळं.

मी आधी एका मोठ्या जिममध्ये चौकशीला गेले. तिथल्या मुलाने विचारलं, "अंडी खाता का? मग प्रोटीन कुठून घेणार? मोड आलेले मूग दह्यात घालून खा." आता मोड आलेलं कडधान्य आमच्याकडे चालत नाही, आणि कच्चं दही कडधान्याबरोबर म्हणजे द्विदल. एका वाक्यात तीन गोष्टी बाद! तो म्हणाला, "मग पावडर." ती पावडर म्हणजे बहुधा चीज करताना सुटलेलं दुधाचं पाणी वाळवलेलं. आणि चीज लावायला वापरलेलं रेनेट कधी वासराच्या जठरातलं असतं. डब्यावर हिरवा ठिपका असला तरी हा प्रश्न कंपनीला विचारल्याशिवाय मी घरात आणणार नाही. शेवटी सूनबाईच्या ओळखीची एक ट्रेनर मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायला तयार झाली. मला काकू म्हणते आणि एकही फेरी माफ करत नाही.

व्यायामाचं फार लिहीत नाही, कारण तो दिसायला अगदी साधा आहे. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणं, जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतर, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, डंबेल विकत घ्यायलाच नकोत. एकच नियम तिने पक्का केला. बारा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवायचं, किंवा खुर्ची बुटकी करायची. सहज जमतंय तेच करत राहिलं तर शरीराला स्नायू बांधायचं कारणच उरत नाही. आणि दोन वेळांत एक दिवस मोकळा, कारण स्नायू विश्रांतीत बांधला जातो.

नवशिक्या आणि जाड माणसाला इथे एक फायदा असतो, जो सडपातळ पहिलवानाला नसतो. आपल्याकडे इंधन आधीच साठवलेलं आहे आणि स्नायूंना कामाची सवय नाही. त्यामुळे खाणं थोडंसंच कमी केलं, प्रथिनं पुरेशी घेतली आणि वजनं उचलली, तर एकाच वेळी चरबी घटते आणि स्नायूही वाढतो. पहिलं वर्ष त्यासाठी सगळ्यात चांगलं.

खरी मेहनत स्वयंपाकघरात होती. उतारवयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वजन फार असेल तर हिशेब योग्य वजनावर करायचा. म्हणजे मला रोज साठ-पासष्ट. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे विसरू नका. आणि आपण शाकाहारी, बी-12 पण तपासून घ्या.) आमच्या नेहमीच्या ताटाचा हिशेब मांडला तर पोहे, पोळी-भाजी, पातळ आमटी आणि भात मिळून चाळीसच्या आतच. ताट भरलेलं, पोटही भरलेलं, पण विटा नाहीत. आता सकाळी दर्शन करून आल्यावर पाव लिटर दूध, त्याचे आठ. मूगडाळीची धिरडी, साठ ग्रॅम डाळीची, त्याचे चौदा. दुपारी चाळीस ग्रॅम तुरीचं घट्ट वरण, नऊ. लिंबू पिळून घरी केलेलं पाऊणशे ग्रॅम पनीर, तेरा. संध्याकाळी हिंग-मिरचीचं पिठलं, चाळीस ग्रॅम बेसनाचं, नऊ. दोन्ही वेळच्या ज्वारीच्या भाकऱ्या मिळून बारा. झाले पासष्ट, आणि नियम एकही मोडला नाही. कमी काय केलं? भात निम्मा, तेल मोजून, आणि चहाबरोबरचं फरसाण व गोड बंद. ह्यांना पिठलं फारसं आवडायचं नाही, आता दोन वेळा मागतात.

रात्रिभोजनाचा त्याग इथे उपयोगीच पडला. मी साडेचारला व्यायाम करते आणि दिवस मावळायच्या आत जेवते. डिसेंबरात सहालाच सूर्यास्त, तेव्हा थोडी धावपळ होते. जूनमध्ये सव्वासातपर्यंत निवांत.

यंदाच्या दशलक्षणात पाच एकाशनं केली, अनंत चतुर्दशीला उपवास. त्या दिवसांत वजनं उचलली नाहीत, फक्त मंदिरापर्यंत चालत गेले. ट्रेनर मुलीला काळजी होती, की मेहनत वाया जाईल. दहा दिवसांत कमावलेली ताकद जात नाही, आणि तपाच्या दिवसांत मी स्नायूंचा विचार करत बसणार नव्हते. पारण्यानंतर चार दिवसांनी पुन्हा पूर्वीच्याच बाटल्या उचलल्या.

दहा महिन्यांनंतरचे आकडे असे. वजन साडेसत्तर, म्हणजे साडेपाच किलो कमी. ऐकणारीला हे फारच थोडं वाटतं. "एवढं करून इतकंच?" असं एकीने तोंडावर विचारलं. पण कंबर 101 वरून 91 झाली. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात चौदा वेळा उठते. भुलेश्वरहून पाच किलोची पिशवी घेऊन तीन मजले न थांबता चढते, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण थोडी रुसली आहे. सामायिक झालं की भिंत लागत नाही. 80 च्या आत कंबर यायला अजून वेळ आहे, आणि बीएमआय अजून 29 च्या वरच आहे. पुढच्या वर्षी शिखरजीची वंदना मनात आहे. सत्तावीस किलोमीटर, डोलीशिवाय. त्यासाठी आता पायरीचा व्यायाम पाठीवर पिशवी बांधून चालू केला आहे.

धिरड्यांचं प्रमाण बऱ्याच जणींनी विचारलंय. एका माणसाला साठ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या वाटीपेक्षा किंचित कमी, पिवळी मूगडाळ. दोन तास भिजवा, मोड यायची वाट बघायची नाही. आलं चालत नाही म्हणून चिमूटभर सुंठ, दोन हिरव्या मिरच्या, जिरं, हिंग, मीठ घालून कमी पाण्यात वाटा. कोथिंबीर चालत असेल तर चिरून घाला. पीठ त्याच दिवशी संपवायचं, ठेवायचं नाही. तवा चांगला तापू द्या, एका धिरड्याला अर्धा चमचा तेल पुरतं. बरोबर दही नको, चिंचेची नाहीतर खोबऱ्याची चटणी.