तंबूबाहेरचा आवाज

"पप्पा, बाहेर काही नाही ना?"

रात्रीचे दोन वाजत आले होते. माझी सात वर्षांची लेक स्लीपिंग बॅगमधून डोकं बाहेर काढून विचारत होती. बायकोही जागी झाली होती. मी पटकन म्हणालो, "काही नाही गं, झोप." मी खोटं बोललो होतो. बाहेर करवतीने लाकूड कापावं तसा खरखरीत आवाज येत होता. बिबट्या असाच आवाज काढतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं.

आम्ही दूधनीजवळ मुक्कामाला होतो. सिल्वासाहून खानवेलमार्गे पुढे गेलं की दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचं पाणी डोंगरांमध्ये पसरलेलं दिसतं. तिथे ओळखीच्या एकांच्या शेताच्या कडेला तंबू ठोकला होता. दुपारी वासोण्याच्या लायन सफारीत सिंह पाहिले होते. जाळीच्या गाडीत बसून लेक सिंहाला हात करत होती आणि मी फोटो काढत होतो. भीती औषधालाही नव्हती. रात्री मात्र आमच्यात आणि बाहेरच्या जनावरात फक्त एक पातळ कापड होतं.

त्यात एक चूक माझीच. जेवणात उरलेलं चिकन पिशवीत बांधून मी तंबूमागे ठेवलं होतं. "सकाळी टाकू," म्हटलं होतं. त्या वासाने गावातली कुत्री आली, आणि कुत्र्यांच्या मागावर तो आला असणार. थोड्या वेळापूर्वी भुंकणारी कुत्री आता एकदम गप्प झाली होती.

मी वसईच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलो. संध्याकाळची रोझरी झाली की आजी आम्हाला बायबलमधल्या गोष्टी सांगायची. त्यात सगळ्यात आवडती दानिएलची. त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, पण देवदूताने सिंहांची तोंडं बंद केली. त्यामुळे लहानपणी माझा हिशेब सोपा होता: प्रार्थना केली की सिंहाचं तोंड बंद! त्या रात्रीही मी तेच मागत होतो. "देवा, त्याला इथून घालव." दहा वेळा म्हटलं असेल. आवाज थांबला नाही. हातपाय गार पडले होते.

मग तेविसावं स्तोत्र आठवलं, मेंढपाळाचं. लहानपणापासून पाठ आहे, पण त्यातली एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. वाटेत काळोखी दरी लागणारच नाही, असं ते स्तोत्र कुठेही म्हणत नाही. दरीतही कुणीतरी सोबत आहे, एवढंच म्हणतं. परंपरेने ते दाविदाचं मानतात. मेंढरं राखताना ज्याने सिंह आणि अस्वल अगदी जवळून पाहिले, तो दाविद. भीती काय असते हे त्याला नक्कीच ठाऊक असणार.

माझी प्रार्थना आपोआप बदलली. "त्याला घालव" ऐवजी "माझ्यासोबत राहा, आणि आता काय करू ते सुचव," असं मी म्हणू लागलो. श्वास जरा खाली बसला. पहिली गोष्ट सुचली ती म्हणजे लेकीला खरं सांगणं.

"बाळा, मघाशी मी खोटं बोललो. बाहेर बहुतेक बिबट्या आहे. मलाही भीती वाटतेय. आपण तिघं एकत्र बसू."

मला वाटलं, रडेल. पण ती सरकून आमच्या मध्ये बसली आणि म्हणाली, "मग प्रार्थना मोठ्याने करू या ना." आम्ही तिघांनी आवाज चढवून प्रार्थना सुरू केली. टॉर्च लावला. आणि तेव्हा कुठे आठवलं की खिशात गाडीची किल्ली आहे! बटण दाबलं. दहा पावलांवर उभी असलेली गाडी दिवे उघडझाप करत जोरजोरात बोंबलू लागली. तो गोंधळ ऐकून शेतावरचे राखणदार दादा काठी आणि बॅटरी घेऊन हाका मारत आले. बाहेर तोवर सामसूम झाली होती. उरलेली रात्र आम्ही गाडीत काढली.

सकाळी दादांनी ओल्या मातीत ठसे दाखवले. चार बोटं, पण नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, बिबट्या मात्र चालताना ती आत ओढून घेतो. मी चिकनच्या पिशवीची कबुली दिली. ते रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले: तो रोजच इथून जातो, त्याची वाट आहे ती, खरकटं टाकून त्याला बोलावू नका. दादा वारली समाजाचे. त्यांच्याकडे वाघोबाला देव मानतात, त्याची पूजा करतात. त्यात भीती आहे, तसाच मानही आहे.

घरी आल्यावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' काढलं. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले, आमच्या वसईचेच फादर. येशू चाळीस दिवस अरण्यात राहिला, ही कथा मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात. पण तिथे तो वनपशूंबरोबर होता, हे फक्त मार्क सांगतो, तेही अगदी जाता जाता. त्याने पशूंना पळवलं असं मार्क लिहीत नाही. तो त्यांच्यात राहिला, एवढंच.

त्या रात्री देवाने बिबट्याचं तोंड बंद केलं की गाडीच्या हॉर्नने त्याला पळवलं, याचं उत्तर मी शोधत बसलो नाही. माझ्यापुरतं एवढं कळलं की श्रद्धा असली तरी भीती वाटते. पण भीतीत खोटं बोलायची गरज उरत नाही, आणि डोकं ठिकाणावर राहतं.

पुढच्या रविवारी आम्ही सिल्वासाच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. लेक डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत होती. बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंस?

"बिबट्याला जेवण मिळू दे, म्हटलं. आपण त्याला उपाशीच पळवलं ना!"

पुन्हा दूधनीला जायचं ठरलंय. या वेळी खरकटं झाकणाच्या डब्यात, आणि डबा गाडीत.