स्थानमाहात्म्य

० रूटाइल म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या (११०) पृष्ठभागावर वर आलेल्या ऑक्सिजनच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये, जरा खाली, टायटॅनियमच्या. टायटॅनियमच्या दोन रांगांत अंतर सुमारे ०.६५ नॅनोमीटर. टनेलिंग सूक्ष्मदर्शकात मात्र एरवी खालच्या टायटॅनियमच्याच रांगा उजळ दिसतात, कारण इलेक्ट्रॉनला शिरायला जागा तिथे असते.

० हाच स्फटिक निर्वातात तापवला की काही ऑक्सिजन निघून जातो. पारदर्शक स्फटिक निळा पडतो. रिकाम्या झालेल्या जागेत पाण्याचा रेणू आला की फुटतो. ओएच खळग्यात बसतो, सुटलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो. एका खळग्यामागे दोन हायड्रॉक्सिल.

० सोन्याला कुणी उत्प्रेरक मानत नसे. १९८७ मध्ये जपानच्या मासातके हारुता यांनी लोह, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांवर त्याचे नॅनोकण बसवले आणि उणे ७० अंश सेल्सिअसलाही कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होऊ लागला. कण बारीक हवाच, पण तो बसलाय कशावर, हेही तितकंच मोलाचं.

० व्हिएन्नातल्या संशोधकांचं काम मला फार आवडतं. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडवर सोन्याचा एकेक अणू सुटा राहतो, ७०० केल्विनपर्यंत. पॅलेडियमही तसाच सुटा बसतो. पण कार्बन मोनॉक्साइड आला की पॅलेडियमची पृष्ठभागावरची पकड सैल होते, अणू सरकू लागतात आणि त्यांचे पुंजके होतात. म्हणजे पाहुणा रेणू घराची मांडणीच बदलतो. उत्प्रेरक कसा निकामी होतो, ते इथे अणूअणूने दिसतं.

० स्वयंपाकघरातल्या गॅस-गळतीच्या अलार्ममध्ये बहुधा टिन ऑक्साइड असतं. तापलेल्या कणांवर बसलेला ऑक्सिजन त्यांचे इलेक्ट्रॉन अडवून धरतो, म्हणून रोध जास्त. गॅस आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध घसरतो.

० कोकणातली जांभ्याची माती लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली. सुपर फॉस्फेट टाकलं की फॉस्फेट कणांवरच्या हायड्रॉक्सिलची जागा घेऊन घट्ट बसतं. पिकाला थोडंच मिळतं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्याच जागा अडवतात, म्हणून खत आणि शेणखत एकत्र देण्यात शहाणपण आहे.

० ‘अमुक ऑक्साइड अमुक रेणू धरून ठेवतं’ हे विधान अर्धवट आहे. कोणत्या पृष्ठभागावर, कोणत्या जागी, आधी तिथे कोण बसलं होतं, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.