कान्होबाचा वाटा

मराठी शिकवण्यावर ज्याचे पोट चालते त्याने कागद न वाचता सही करावी, यासारखी दुसरी नामुष्की नाही. आम्ही ती एकदा केली. ऑगस्ट 2003 मध्ये केलेल्या त्या सहीचे मोल पुढे चार लाख वीस हजार रुपये झाले आणि ते फिटायला मे 2012 उजाडला. रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण अशा लेखांतून लेखक आपल्या चुकीबद्दल भरभरून लिहितात आणि आकडा तेवढा गाळतात.

नगरची गोष्ट. (2024 पासून या शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, आमच्या तोंडी जुनेच बसलेले.) आमचे एक स्नेही होते, आमच्याच महाविद्यालयात आणि आमच्याच मंडळीत. ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ म्हणजे चर्चमधला समुदाय. उरलेल्या मराठीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. रविवारची उपासना संपल्यावर आवारातल्या लिंबाखाली स्नेह्यांनी पतसंस्थेचे कागद पुढे केले. घर बांधायला तीन लाखांचे कर्ज हवे होते, दोन जामीनदार लागत होते, एक मिळाला होता. ‘‘सर, फक्त सही,’’ ते म्हणाले. मंडळीचे दोन वडील शेजारी उभे होते. पाळकसाहेब पायऱ्यांवरून पाहत होते. आम्ही खिशातले पेन काढले आणि जिथे बोट ठेवले गेले तिथे तिथे सही केली. त्या क्षणी पहिल्या मंडळीत आपण कसे दिसतो याचा विचार आमच्या मनात होता. दुसऱ्या मंडळीला विचारायचे सुचलेसुद्धा नाही.

पुष्कळ वर्षे आम्ही स्वतःला सांगत राहिलो की ती सही प्रेमापोटी झाली. तसे नव्हते. प्रेम असते तर त्यांना आधी घरी बोलावून विचारले असते, की हप्ता किती, पगारातून झेपेल का, अडचण आली तर काय करायचे. असे प्रश्न विचारणारा कंजूष दिसतो, आणि आम्हाला उदार दिसायचे होते.

दीड वर्ष हप्ते गेले. मग स्नेह्यांच्या घरात आजारपण आले, नोकरीत काही बिनसले, आणि 2005 मध्ये ते गाव सोडून गेले. पुढच्या वर्षी आमच्या नावाने वसुलीची नोटीस आली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधल्या कलम 101 प्रमाणे वसुली दाखला निघतो, हे ज्ञान आम्हाला वयाच्या पन्नाशीला झाले. भारतीय करार कायद्याचे कलम 128 त्याहून जुने, 1872 चे. वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, असे ते सांगते. ‘फक्त सही’ या दोन शब्दांना कायद्यात काहीही अर्थ नाही. दुसरे जामीनदार तोवर निवृत्त झाले होते. चालू पगार उरला होता तो आमचा.

साठ हजारांची मुदतठेव मोडली. जून 2006 पासून पगारातून दरमहा पाच हजार कापले जाऊ लागले, ते बहात्तर महिने. मुलगी 2007 साली बारावी झाली. तिला पुण्याला जाऊन शिकायचे होते. ती नगरलाच शिकली. त्याबद्दल तिने आजवर एक अक्षर काढलेले नाही, आणि ते न काढणे आम्हाला ऐकू येते.

त्या काळात आम्ही शास्त्र वाचले ते वकिलासारखे: आपली बाजू कुठे सापडते ते पाहायला. नीतिसूत्रांचा कर्ता जामिनाविषयी फार कडक आहे. सहाव्या अध्यायात तो म्हणतो, शेजाऱ्यासाठी जामीन राहून अडकला असशील तर झोप घेऊ नकोस, मान खाली घाल, जा आणि गळ घालून सुटून ये. हरिण पारध्याच्या हातून सुटते तसा. बाविसाव्यात तर तो विचारतो की फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण कशाला जाऊ द्यावे? हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले होते. ऐकलेले आणि वाचलेले यांतला फरक आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू.

पण त्याच शास्त्रात यहूदा आपल्या बापापुढे बन्यामिनाचा जामीन होतो, आणि पुढे खरोखरच वेळ आल्यावर भावाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला पुढे येतो. पौल फिलेमोनाला लिहितो की अनेसिमाचे काही देणे असेल तर माझ्या नावे मांड. आणि ते आपण आपल्या हाताने लिहीत आहोत हे मुद्दाम सांगतो. इब्री लोकांस पत्रात तर खुद्द येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. म्हणजे जामीन राहणे हे पाप नव्हे. या साऱ्या जामीनदारांना रक्कम ठाऊक होती, एवढाच काय तो फरक. यहूदाला ठाऊक होते की आपण काय गहाण ठेवतो आहोत. गेथशेमाने बागेतली रात्र तर सारी, पुढे काय भरावे लागणार ते कळल्याची रात्र आहे. आम्ही आमची बाग टाळून थेट सहीवर गेलो होतो.

इथे भाषेचे एक विषयांतर करू द्यावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ हा शब्द आहे. लूकच्या पाठात पहिल्या ठिकाणी पाप येते. मत्तय मात्र दोन्हीकडे ऋणाचीच भाषा ठेवतो, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर मत्तयच बसला आहे. ‘ऋण’ हा संस्कृत, भारदस्त, धूपदीपाच्या वासाचा शब्द. पतसंस्थेच्या कागदावर मात्र ‘कर्ज’ आणि ‘जामीन’ असतात. दोन्ही अरबीतून आलेले, बाजारात घासून गुळगुळीत झालेले. चाळीस वर्षे आम्ही दर रविवारी ऋण सोडण्याची भाषा करीत आलो, आणि ऋण म्हणजे कर्ज हे आम्हाला पगाराच्या चिठ्ठीतल्या कपातीने शिकवले. देवाच्या पुढे आपण किती सहज बोलून जातो! ‘सोडणे’ हे क्रियापद तिथे आहे; पाच हजार सोडून पाहावेत म्हणजे त्याचे वजन कळते.

याच सुमारास एका रविवारी निर्दय सेवकाच्या दाखल्यावर उपदेश झाला. मत्तय, अध्याय अठरावा. दहा हजार तालान्तांचे देणे माफ झालेला सेवक बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशक बहुधा सांगतात की शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम. त्या दिवशीही तसेच सांगितले गेले. आम्ही घरी येऊन कागदावर हिशेब केला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात दिसते. शंभर दीनार म्हणजे शब्बाथाचे दिवस वगळता जवळजवळ चार महिन्यांची कमाई. चार महिन्यांची कमाई बुडाली तर मजुराच्या घरी चूल पेटते का? येशूने ती रक्कम क्षुल्लक ठेवलेली नाही. दुसरी रक्कम अचाट ठेवली आहे: तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, म्हणजे दहा हजार तालान्त ही सहा कोटी दिवसांची मजुरी, रोज राबूनही ती फेडायला एक लाख चौसष्ट हजार वर्षे लागावीत. तिच्यापुढे शंभर दीनार लहान दिसतात, पण ज्याचे बुडाले त्याला ते बुडालेलेच असतात. आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा प्रथमच दिसली. दाखल्याची सुरुवात माफीने होत नाही. राजा आधी हिशेब घ्यायला बसतो.

2013 च्या नाताळच्या आठवड्यात स्नेही दारात उभे राहिले. केस पिकले होते, अंगावर उसना वाटावा असा कोट. ‘‘सलाम, सर,’’ म्हणाले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. ‘‘माफी मागायला आलोय. पैशाचं तोंड नाही माझ्याकडे.’’

आम्ही एका क्षणाचाही विलंब न लावता म्हटले, ‘‘अहो, ते केव्हाच माफ केलं. या, आत या.’’

म्हणताना आम्हाला फार बरे वाटले. लिंबाखाली वाटले होते तसेच.

पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘बसा भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांनी ह्यांचं माफ केलं असेल. माझं अजून झालेलं नाही. चहा टाकते.’’

चहाबरोबर तिने एक दोनशेपानी वही आणली. ती वही घरात आहे हे आम्हाला माहीत नव्हते. त्या बहात्तर महिन्यांत पाच हजार नसल्यामुळे घरात काय झाले नाही, ते महिन्यावार लिहिलेले होते. तिने वाचायला सुरुवात केली. मुदतठेव. मुलीचा पुण्याचा फॉर्म, भरून ठेवलेला, न पाठवलेला. तिच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन, पुढे ढकललेले, दोनदा. नाताळचे नवे कपडे, नाहीत. गळणारे छप्पर, तसेच. आवाज चढला नाही, पाणीही आले नाही. चहावर साय धरली. काही नोंदी आम्ही प्रथमच ऐकत होतो, आणि स्नेह्यांच्या बरोबरीने आम्हीही तिथे ऋणको म्हणूनच बसलो आहोत हे हळूहळू कळत गेले.

वही मिटल्यावर स्नेही म्हणाले, ‘‘बाई, हे मला माहीत नव्हतं.’’

‘‘आता झालं,’’ ती म्हणाली. ‘‘महिन्याला किती जमेल?’’

‘‘पाचशे.’’

तिने नव्या पानावर जानेवारी 2014 लिहिले.

आम्ही ‘स्मृतिचित्रे’ कितीतरी वर्षे शिकवले. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक वाचताना रेव्हरंड टिळकांच्या उधळ्या दातृत्वाला वर्ग खदखदून हसतो, आणि आम्हीही त्या हसण्यात सामील असू, टिळकांच्या बाजूने. त्या दातृत्वाचा हिशेब लक्ष्मीबाईंना डब्यांतल्या धान्यात चुकवावा लागे, हे आम्ही ‘विनोदाची कारुण्यगर्भ किनार’ अशा नावाने परीक्षेपुरते सांगत होतो. त्या वहीनंतर तो पाठ आम्हाला पूर्वीसारखा शिकवता आला नाही.

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. आम्ही ख्रिस्ती घरातच जन्मलो, त्यामुळे उलट दिशेने चालत जाऊन तुकोबांपाशी पोचलो. तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कथेतला पुढचा तपशील मात्र चटकन विसरला जातो. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा वेगळे मत धरून होता. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले, कान्होबाचा त्याच्या हाती दिला गेला आणि तुकोबांनी बुडवला तो स्वतःचा अर्धा. वैराग्याच्या ऐन भरातही दुसऱ्याचा वाटा आपल्या हाताने नदीत टाकायचा नसतो, हे त्यांना कळत होते. आम्हाला ना सही करताना कळले, ना माफ करताना. सही एका हाताची होती आणि फेड साऱ्या घराची. आमच्या लेखी ‘आम्ही’ हे सर्वनाम फार सोयीचे आहे. निबंधमालेपासून मराठी निबंधकार त्याच्या आडोशाला बसत आले आहेत. दर रविवारी शेजारी उभी राहून तीही ‘आमची ऋणे’ म्हणत होती. तिच्या त्या ‘आमची’मध्ये कोण कोण येत होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

हप्ते येत राहिले, कधी दहा तारखेला, कधी महिन्याअखेर. मधले चार महिने चुकले. शेवटची नोंद फेब्रुवारी 2020 ची. सत्तर हप्ते, पस्तीस हजार. मे 2021 मध्ये स्नेही करोनाने गेले. दफनाला मोजक्याच माणसांना जाता आले. आम्हाला जाता आले नाही.

त्या वर्षीच्या नाताळात त्यांची पत्नी आली. हातरुमालात पाचशेची नोट होती. म्हणाली, ‘‘राहिलेलं मी देते, ताई. जमेल तसं.’’ आमच्या पत्नीने नोट घेतली नाही. आत जाऊन वही आणली, शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ ओढली आणि वही तिच्या पिशवीत घातली. ‘‘घरी न्या,’’ म्हणाली. ‘‘काय करायचं ते तुम्ही करा.’’ मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. करंज्या तळायच्या राहिल्या होत्या.

चार लाख वीस हजार हा आकडा आता आमच्या घरात कुठेही लिहिलेला नाही. या लेखात तो घालावा की नाही, हे या वेळी आम्ही आधी घरात विचारले.

‘‘घाला,’’ ती म्हणाली. ‘‘पण बरोबर घाला.’’