राम-लक्ष्मण नव्हे, भरत-बाहुबली



गेल्या वर्षी तीन महिने लेकीकडे सिडनीला होते. नातवाने घरात दोन सरडे पाळलेत हे कळल्यावर मी दारातच थबकले! ‘बियर्डेड ड्रॅगन’ म्हणतात त्यांना. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्याच कोरड्या भागातले. तिथे ते पाळायला सरकारी परवाना लागतो. गळ्याखालची काटेरी कातडी फुगवली की दाढीच वाटते. काचेच्या एका पेटीत दोघे, वर उबेचा दिवा आणि दिव्याखाली एक दगड.

त्यांना किडे खायला घालतात, हे मला फार जड गेलं. ते जावईबापूंनी बघायचं आणि पाला मी चिरायचा, असं ठरलं.

दुपारी पाहावं तर मोठा सरडा धाकट्याच्या पाठीवर निवांत पहुडलेला. धाकटा मधूनच पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवायचा, जणू टाटा करतोय. मी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘आमचे राम-लक्ष्मण.’ तुम्ही सगळ्यांनी कौतुकही केलंत.

पण बी.कॉम.ची सवय जात नाही. वाटी रोज रिकामी होते, मग धाकटा सुकतोय का? एका जुन्या काट्यावर दर रविवारी दोघांचं वजन करून वहीत लिहू लागले. चौथ्या रविवारी मोठा 40 ग्रॅमने वाढलेला, धाकटा 25 ग्रॅमने घटलेला. दोन दिवसांनी धाकट्याच्या बोटातून रक्त आलं.

वही घेऊनच आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शेपटीच्या बुडाशी पाहून सांगितलं, दोघेही नर. हे प्राणी एकेकटे राहणारे. पाठीवर बसणं ही माया नव्हे, दिव्याची ऊब आणि जागा माझी, असं बजावणं. दाढी काळी करून जोरजोरात मान हलवणं ही धमकी. आणि तो टाटा? ‘मी भांडत नाही, मला सोड’ अशी शरणागती!

‘मग एक मादी आणली तर?’ लेकीने विचारलं. डॉक्टर नको म्हणाले. मादीपुढेही नर तशीच काळी दाढी करून मान हलवतो, मागे धावतो, दातांनी तिची मान धरतो. एकत्र ठेवलं तर तिला उसंत नाही. पुन्हा पुन्हा अंडी घालून तिच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. नर नसतानाही मादी अंडी घालू शकते, तेव्हा तिला उकरायला माती लागते. ती नसेल तर अंडी पोटातच अडकून जिवावर बेततं.

घरी येताना दुसरी पेटी आणि दिवा घेतला. पेट्या शेजारी ठेवल्या तर काचेतून एकमेकांना पाहूनही ते बिथरतात, म्हणून मध्ये पुठ्ठा लावला. महिन्याभरात धाकट्याचं वजन भरून आलं. पाय फिरवणंही थांबलं.

मी राम-लक्ष्मण म्हणत होते, ते निघाले भरत-बाहुबली. पण बाहुबलींना सगळं सोडून निघायला वन होतं. या धाकट्याला काचेच्या पेटीत कुठे जायला जागा होती?

अहिंसा अणुव्रताचे अतिचार आपण पाठ म्हणतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. मारलं नाही म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते. इथे वाटी भरलेली असूनही एका जिवाचं अन्न अडत होतं, आणि मी फोटो काढत होते.

लग्नानंतर मीही एका स्वयंपाकघरात आठ वर्षं काही न बोलता काढली. बघणारे म्हणायचे, जावाजावा किती गुण्यागोविंदाने राहतात! हे मला तरी ओळखू यायला हवं होतं.

ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकलाय. तुमच्यापैकी कुणी पुढे पाठवला असेल, तर हेही पाठवा.