एकच सोर्स असलेली गोष्ट

आधीच सांगतो, हे प्रवासवर्णन नाही. उंट, सूर्यास्त, मृत समुद्रात तरंगणारा माणूस असले फोटो तुम्ही भरपूर पाहिलेत. मला बोलायचंय ते पुराव्याबद्दल.

आमच्या नगर जिल्ह्यातून ख्रिस्ती मंडळींचे गट पवित्र भूमीच्या यात्रेला जात असतात. 2019 च्या नोव्हेंबरात मित्रांच्या आग्रहामुळे अशाच एका गटाबरोबर मीही गेलो. मी ख्रिस्ती नाही. बसमध्ये रेव्हरंड टिळकांची मराठी गीतं चालू आणि खिडकीबाहेर यहूदियाचं उघडंबोडकं वाळवंट! जेरुसलेम सोडल्यावर तासाभराच्या आत बस हजारेक मीटर खाली उतरते आणि समोर खजुराच्या झाडांचं यरीहो येतं.

यरीहोची गोष्ट बायबल वाचणाऱ्यांना पाठ असते. यहोशवाच्या लोकांनी सात दिवस गावाला फेऱ्या मारल्या, शिंगं फुंकली, मोठा जयघोष केला आणि तट कोसळला. आज तिथे काय आहे? आपल्या नेवासा, जोर्वे, दायमाबादला असतं तसं पांढरीचं टेकाड. 1930 च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तिथे पडलेला तट दाखवला आणि तो यहोशवाच्या काळातलाच असल्याचं सांगितलं. जगभर आनंद झाला. पुढे 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केनियन यांनी थरानुथर खोदकाम केलं. तो तट त्या काळापेक्षा सुमारे हजार वर्षं जुना निघाला. केनियनबाई कुणी धर्मद्वेष्ट्या नव्हत्या. त्यांचे वडील बायबलच्या हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक होते. पण खापरांनी जे सांगितलं, ते बाईंनी लिहिलं. आणि त्याच टेकाडात त्यांना साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज मिळाला, आत 22 पायऱ्या असलेला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा. कुठल्याही धर्मग्रंथाच्या कितीतरी आधीचा.

हे मी गटात सांगितलं, तेव्हा एक तरुण चिडला. "दादा, इथं तरी बातमीदारी नको." त्यावर गटातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अरे, सांगू दे की त्यांना. माझी श्रद्धा काय त्या भिंतीच्या आधारावर उभी आहे?"

बाईंचं हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कुमरान. 1947 च्या सुमारास एका बदाउनी मेंढपाळाला तिथल्या गुहेत रांजणांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. पुढे 11 गुहांमधून नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे तुकडे मिळाले. त्यात यशयाच्या पुस्तकाची सात मीटरहून लांब, जवळजवळ अखंड गुंडाळी होती. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ही हजारेक वर्षं जुनी. दोन्ही ताडून पाहिल्या, तर फरक आहेत, पण बहुतेक किरकोळ, लेखनातले. म्हणजे हजार वर्षं नकलाकारांनी मजकूर बऱ्यापैकी इमानाने उतरवला होता. इथे पुरावा परंपरेच्या बाजूने उभा राहिला. पुरावा मागितला की श्रद्धा मोडतेच असं नाही, हे त्या चिडलेल्या तरुणालाही इथे पटलं.

मग मसादा. मृत समुद्राच्या काठावर चारशे मीटर उंच, सपाट माथ्याचा डोंगर. वर हेरोदाचे महाल, खाली रोमन छावण्यांचे चौकोन अजून स्पष्ट दिसतात. गोष्ट अशी की इसवी सन 73-74 च्या सुमारास रोमन फौजेने वेढा घातला, पश्चिमेकडून भराव टाकला आणि गड पडणार हे दिसताच आतल्या 960 ज्यूंनी गुलामीपेक्षा मरण पत्करलं. दोन बायका आणि पाच मुलं तेवढी वाचली.

वेढा खरा, भराव खरा. पण सामुदायिक मरणाच्या या कहाणीचा सोर्स एकच, इतिहासकार जोसेफस. तो स्वतः आधी ज्यू सेनानी, मग रोमनांना शरण गेलेला आणि रोममध्ये बसून लिहिणारा. 1963 ते 65 मध्ये माजी लष्करप्रमुख यिगाएल यादीन यांनी तिथे उत्खनन केलं. सापडलेली माणसांची हाडं दोन डझनांच्या आसपास. 1969 मध्ये त्यांचं सरकारी इतमामात दफन झालं. ती नक्की कुणाची, यावर अभ्यासक आजही भांडतात. दरम्यान गडावर सैनिकांचे शपथविधी झाले, शाळांच्या सहली आल्या. नव्या देशाला अशी गोष्ट हवी होती. पण या गोष्टीची सगळ्यात कडक तपासणी कुणी केली? इस्रायलच्याच विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ नाखमान बेन-येहुदा यांनी, 1995 मध्ये, अख्खं पुस्तक लिहून. मला मसादात सगळ्यात जास्त आवडलं ते हे.

कारण त्या भूमीत जुना दगडही आजच्या भांडणात ओढला जातो. 2023 मध्ये यरीहोचं ते टेकाड पॅलेस्टाइनच्या नावाने जागतिक वारसा यादीत गेलं, तर त्यावरूनही इस्रायल नाराज. दहा हजार वर्षांपूर्वी तो बुरूज बांधणाऱ्यांना या दोन्ही देशांची नावं ठाऊक नव्हती.

आता आपल्याकडे या. गडावर जा, गाइड छातीठोक सांगतो, इथून उडी मारली, इथे खजिना पुरला. कागद कुठला, कोरीव लेख कुठला, विचारलं की आधी आपलं आडनाव विचारलं जातं. मग आडनावावरून आपली बाजू ठरते. मोर्चे निघतात, पुतळ्यांवरून गावं पेटतात, आणि ज्याच्यावरून पेटलं त्याला सोर्स किती? बऱ्याचदा एक. कधी कधी तोही नाही, नुसता व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. आणि खरी पांढरीची टेकाडं नांगराखाली जातायत, त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, एका सोर्सवर बातमी उभी करायची नाही. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेला हा नियम लावतो, तर इतिहासाला का नको? ज्याचा अभिमान खरा आहे, त्याने खोदकामाला घाबरायचं कारण नाही. शिक्षिका बाई घाबरल्या नाहीत.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा. फक्त पुरावा जोडा, आडनाव विचारू नका.